लंगडी होडी

"मी पाहून सांगतो," असं मी म्हणालो आणि तिथेच फसलो.

ऑफिसात हे वाक्य मी येता-जाता म्हणतो. तिथे त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे : काम होत नाही, तुम्ही घरी जा. मी वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि आलेल्या प्रस्तावांतल्या त्रुटी काढणं हे माझं काम. (अभिमानाने सांगत नाही, पण माझ्या टेबलावरून एखादा प्रस्ताव बिनत्रुटीचा पुढे गेल्याचं कोणाला आठवत नाही. एकदा साहेबांच्या रजेच्या अर्जातही मी त्रुटी काढली होती. साहेब त्या वर्षी गावाला गेले नाहीत.) पण ते ऑफिसात. घरी, रविवारी सकाळी, तर्रीपोह्यांची बशी हातात असताना मुलाने विचारलं, "बाबा, होडी कोनती घेऊ?" आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "मी पाहून सांगतो."

अश्वजितने ते खरं मानलं. पोराचा चेहरा असा खुलला, की आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

अश्वजित आमचा एकुलता एक. नागपूरला मत्स्यविज्ञान शिकला. आम्हाला वाटलं, पोरगा मत्स्य विभागात साहेब होईल, जीपमधून उतरेल, तळ्यावर बोट दाखवून ‘इथे मासे सोडा’ म्हणेल आणि कोरड्या पायांनी जीपमध्ये जाऊन बसेल. हा निघाला मालवणच्या बाजूला. तिथे कोळंबीच्या एका प्रकल्पात नोकरी केली आणि आता कॉलेजातल्या स्वप्निल नावाच्या मित्राबरोबर स्वतःची छोटी होडी घ्यायचं खूळ घेऊन घरी आला होता. पहाटे जायचं, दुपारपर्यंत परत यायचं, ताजी मासळी सरळ गिऱ्हाइकाच्या दारात द्यायची.

"समुद्रात आत जायचंच नाई, बाबा. काठाकाठानंच फिरायचं हाये."

काठाचं पाणी जणू माणूस पाहून बाजूला होतं! अरे, बुडायला पाणी लागतं किती? आमच्या बोरगाव मेघेच्या नालीत परवाच्या पावसात एका गृहस्थाची आख्खी स्कूटर बुडाली, आणि त्या नालीला तर लाटाही नाहीत.

माझा आणि पाण्याचा संबंध बादली आणि मग्ग्यापुरता. पोहता येत नाही. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो होतो तेव्हा. पाहिला म्हणजे काय, आमची रांग पुढे सरकत होती आणि तो मागे आवाज करत होता. एकदा वळून पाहिलं, तर तो माझ्याकडेच येत होता. मी पुन्हा वळलो नाही.

त्या रविवारी अश्वजित अंघोळीला गेल्यावर बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. पौर्णिमा माझी बायको. ती ऑफिसात असती तर मी तिच्या टेबलासमोर उभा असतो.

"पोट्ट्याचं मन मोडू नका," ती म्हणाली.

"बरं."

"अन् त्याले पान्यातही जाऊ देऊ नका."

"अवं, मंग होडी काय शोकेसमधे ठेवाची हाये?"

"थे तुमी पाहा. ‘पाहून सांगतो’ तुमीच म्हटलं ना?"

इथवरही ठीक होतं. पण दुपारी जेवताना अश्वजित सहज म्हणाला, "बाबा, तुमी जे पास कराल थेच होडी घेईन. तुमी नाई म्हटलं तर घेतच नाई." आणि आमटीत भाकर चुरायला लागला. माझा घास तोंडातच राहिला. ‘नाही’ म्हटलं तर पोराचा चेहरा उतरणार, आणि तो मला रोज समोर बसून पाहावा लागणार. ‘हो’ म्हटलं आणि एखाद्या दुपारी होडी परत आलीच नाही, तर ती मी पास केलेली होडी असणार. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लागली तेव्हा मी नालीत बुडत होतो.

सकाळी उठलो तेव्हा मात्र वाट सापडली होती. ‘हो’ म्हणायचं नाही, ‘नाही’ही म्हणायचं नाही. त्रुटी काढायच्या.

स्वप्निलने मालवणहून व्हिडिओ कॉलवर होड्या दाखवायचं ठरवलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पौर्णिमा मागे उभी राहिली, फोनमध्ये दिसणार नाही पण सगळं ऐकू येईल अशा बेताने. पहिली होडी लांब आणि निमुळती, चवळीच्या शेंगेसारखी.

"काका, ही पळायला एक नंबर," स्वप्निल म्हणाला.

"पळाचं कायले? मागं कोनी लागते काय?"

"तसं नाही. वारा सुटला की लवकर परत येता येतं."

"वारा सुटते?"

"समुद्र आहे, काका. सुटतोच."

मी पौर्णिमाकडे पाहिलं. तिने मान हलवली. शेंग नापास.

दुसरी होडी पाहून मी चष्मा काढून पुसला. होडी लहान, लाकडी, तशी बरी होती. पण तिच्या एका अंगाने दोन आडव्या दांड्या बाहेर निघाल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना एक लांबट ओंडका बांधला होता. दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

"दुसऱ्या बाजूचा ओंडका कोठी गेला?" मी विचारलं.

"दुसरा नसतोच, काका. एकच असतो."

"मंग थे एका अंगानं कलन ना! लंगडी हाये थे."

"उलट आहे, काका. त्या ओंडक्यामुळंच तर—"

"असू द्या. पुढची दाखवा." (त्रुटी काढल्यावर खुलासा तोंडी ऐकायचा नसतो, नाहीतर तो पटण्याची भीती असते.)

तिसरी फायबरची, रुंद, पसरट, गुरांच्या नांदेसारखी. ती मला आवडली आणि त्याबरोबर मी घाबरलो, कारण आता ‘हो’ म्हणायची वेळ आली होती.

"इच्या बुडाले भोक हाये काय?"

"नाही, काका! नवी कोरी आहे."

"मंग पाऊस आला तर आतलं पानी निंगन कोठून?"

"डब्याने काढायचं, काका," स्वप्निल म्हणाला.

"म्हंजे बाहेरचं पानी आत येऊ नये म्हनून होडी, अन् आतलं बाहेर काढाले डबा? जमत नाई."

अश्वजित चिडला नाही. तो माझा मुलगा असला तरी स्वभाव आईच्या माहेरचा आहे. त्याने माझी प्रत्येक त्रुटी मनावर घेतली. होडी उलटली तर? लाईफ जॅकेट घालीन. वादळ आलं तर? हवामानाचा इशारा मोबाईलवर येतो. मोबाईल पाण्यात पडला तर? त्याने पाणी न शिरणारं पाकीट आणून दाखवलं. पाकीट पडलं तर? गळ्यात अडकवायची दोरी दाखवली. मी "दोरी..." एवढंच म्हणालो आणि पौर्णिमाने आतून भांडं आपटलं.

"तुमी पोराले ऑफिससारखं फिरवून राह्यले!" ती बाहेर येऊन म्हणाली.

"मी त्याचा जीव वाचवून राह्यलो."

"जीव वाचवासाठी जीव खावा लागते काय?"

पावसाळ्यात तिकडे मासेमारी बंद असते, श्रावणात पुन्हा सुरू होते. ते दिवस जवळ येत चालले. स्वप्निलचा निरोप आला, की होड्यांना दुसरी गिऱ्हाइकं लागली आहेत, येत्या रविवारपर्यंत काय ते कळवा. अश्वजितने तो निरोप मला वाचून दाखवला. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर त्याने कपाटातून स्पर्धा परीक्षेचं जाडं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं होतं. हे पुस्तक मीच त्याला आणून दिलं होतं. त्याने ते उघडावं म्हणून मी केवढ्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. आता तो खाली मान घालून ते वाचत होता, आणि मला जेवण जाईना. पोरगा नुसता आज्ञाधारक दिसायला लागला, की बापाने समजावं, काहीतरी बिघडलं आहे.

मी बाहेर जाऊन तानबामामाला फोन लावला. तानबामामा माझ्या आईचा भाऊ. आर्वीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याचं शेत आहे, आणि त्या बाजूला कोणाला बैल घ्यायचा असला की मामाला बोलावल्याशिवाय दावं सुटत नाही. मामा बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, भोवरा पाहतो आणि शेवटी बैलाला सोडून विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

"जयभीम, मामा. होडी घ्याची हाये."

"घे ना मंग. पाह्यली काय?"

"फोनवर पाह्यली."

"अरे बावा, फोटोत पाहून कोनी बैल घेते काय? जुवाले जुपल्याशिवाय बैल समजत नाई."

"समुद्र कोठून आनू, मामा?"

"माह्यं शेततळं काठोकाठ भरलं हाये. तू येजो रविवारी. पोट्ट्यालेही घेऊन येजो."

शेततळ्यात समुद्रातली होडी कशी जुपायची, हे मी विचारलं नाही आणि मामानेही सांगितलं नाही. (आमच्या घराण्यातले मोठे निर्णय असेच होतात.)

रविवारी आम्ही तिघं एसटीने निघालो. लाईफ जॅकेट नव्हतं म्हणून मी तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन बरोबर घेतले होते.

"तेल सांडन तर नाई ना?" कंडक्टरने विचारलं.

"रिकामे हायेत."

"मंग रिकामे कायले नेऊन राह्यले आर्वीले?"

"पोहाले," मी म्हणालो. त्याने मुकाट्याने तिकीट फाडलं आणि आम्ही उतरेपर्यंत आमच्या सीटकडे फिरकला नाही.

मामाने तयारी जोरदार ठेवली होती. शेजारच्या ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब हवा भरून टम्म केल्या होत्या आणि त्यांच्यावर घरातली बाज दोराने आवळून बांधली होती. शेततळं खरोखरच काठोकाठ होतं. खोदून काढलेल्या उतारावर चहूबाजूंनी काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यात गढूळ, गप्प पाणी. पलीकडे सोयाबीन गुडघ्याला आलं होतं आणि मामाची बैलजोडी डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, थांबवून बांधावर आमच्याकडे पाहत रवंथ करत होती.

"बाबा, मी बसतो," अश्वजित म्हणाला. "तुमाले पोहता येत नाई."

"म्हनूनच मी बसनार. तुले पोहता येते, तुले धोका काय समजन?"

हे बोलताना माझा आवाज खणखणीत होता, पण मनातलं सांगतो. बाज हलावी म्हणजे मला ‘पाहा, किती धोका’ म्हणता येईल, असं वाटत होतं. आणि टेबलावरचं ते जाडं पुस्तक आठवलं की ती हलू नये असंही वाटत होतं. दोन्ही इच्छा एकाच माणसाला एकाच वेळी झाल्या की तो माणूस बाजेवर चढतो.

पौर्णिमाने मामाच्या दुपट्ट्याने माझ्या छातीला एक आणि पाठीला एक असे दोन कॅन बांधले. मामाने बाज धरून ठेवली. मी मधोमध मांडी घालून बसलो आणि मामाने ढकललं.

बाज तरंगली! हलली, डुलली, पण तरंगली. मी आधी डोळे मिटून त्रिशरण म्हटलं, मग एक डोळा उघडला, मग दुसरा. काठावर पौर्णिमा फोनने व्हिडिओ काढत होती. मला धीर आला. एवढंच नाही, तर मी उजवा हात वर करून उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यासारखा हलवला.

"कसं वाटून राह्यलं?" मामा ओरडला.

"काईच नाई! उगीच घाबरते मानूस!"

तेवढ्यात पाण्यातून एक बारीक डोकं वर आलं आणि सळसळत माझ्या दिशेने निघालं.

"दिवड हाये!" मामा ओरडला. "पान्यातला साप! काई करत नाई थो!"

मी ‘साप’ एवढाच शब्द ऐकला आणि उभा राहिलो.

बाज काही घाईत उलटली नाही. आधी तिने मला एका अंगाला झुकवलं, जणू विचारत होती, नक्की ना? मी दुसऱ्या अंगाला झुकलो. तीही झुकली. मग आम्ही दोघंही एकदम एकाच अंगाला झुकलो आणि आकाश पायाखाली गेलं.

पाणी नाकात गेल्यावर माणसाला आयुष्य आठवतं म्हणतात. मला तसलं काही आठवलं नाही. कॅन तेवढे वर आले आणि माझ्या दोन्ही कानांशी येऊन बसले, त्यामुळे मी बुडत नव्हतो आणि मला ऐकूही येत नव्हतं. काठावर पौर्णिमा तोंड उघडत-मिटत होती. (ती ‘उभे राहा, उभे राहा’ म्हणत होती, हे नंतर कळलं. पाणी डोक्याच्या वर होतं.) मी हातपाय मारत काठाला पोचलो, उतारावर हात टेकला आणि सुर्रकन खाली आलो. प्लास्टिक शेवाळाने बुळबुळीत झालं होतं. पुन्हा चढलो, पुन्हा खाली. जमीन हाताला लागतेय आणि धरू देत नाही! मला साप आठवला नाही, ऑफिस आठवलं नाही. एकच गोष्ट डोक्यात होती : माझं पोरगं असंच एखाद्या दिवशी काठ हाताशी असताना हात मारत राहील, आणि तिथे काठावर त्याची आई नसेल. मी मोठ्याने ओरडलो. "अश्वजित!" म्हणून ओरडलो. बुडत मी होतो.

तो आधीच पाण्यात होता. त्याच्या येण्यात काही गडबड नव्हती. आपल्या गल्लीतून चालत यावं तसा तो आला. मी त्याच्या मानेला मिठी मारली.

"बाबा, मान सोडा. खांदा धरा. हां, असा. आता पाय हालवू नका."

त्याच्या लहानपणी त्याला सायकल शिकवताना मी याच आवाजात बोलायचो. मी खांदा धरला.

आता बाहेर कसं यायचं? अश्वजित मला वर ढकलायचा, मी घसरून त्याच्या डोक्यावर बसायचो. शेवटी मामाने दोराचं एक टोक फेकलं, अश्वजितने ते माझ्या काखेखालून बांधलं, आणि दुसरं टोक मामाने बैलजोडीच्या जुवाला अडकवलं.

"हो रे राज्या! हो!"

बैलांनी मला त्या उतारावरून असा खेचला, की मी कधी वर आलो ते कळलंच नाही. मी वर आलो तरी बैल थांबले नाहीत. त्यांना कोणी थांबा म्हटलंच नव्हतं, कारण मामा आनंदाने मागे वळून पौर्णिमाला सांगत होता, "निंगला, बाई, निंगला!" मी बांध ओलांडला. पोटावर झोपून सोयाबीनमध्ये शिरलो. मी, दोन कॅन आणि मागे पडत चाललेला एक चांगला सरळ चर. पौर्णिमा ओरडत धावत आली तेव्हा कुठे जोडी उभी राहिली, आणि त्यातल्या पांढऱ्या बैलाने मागे मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढा हलका डवरा त्याने कधी ओढला नसावा.

मग मामाची घोंगडी पांघरून मी बांधावर बसलो. दात वाजत होते. पौर्णिमाने माझं डोकं पुसलं, मला चहा दिला, आणि मी जिवंत असल्याची खात्री झाल्यावर मला शिव्या दिल्या. मी अश्वजितकडे पाहत होतो. तो उलटी बाज काठाला ओढून आणत होता.

"बाबा, बाज काऊन उलटली माहीत हाये?"

"मी उभा राह्यलो म्हनून."

"थे तर हायेच. पन दोन्ही ट्यूब बाजेखालीच होत्या, जवळ जवळ. मानूस उभा राह्यला का वजन गेलं वर, अन् बाजूले अडवाले काईच नाई. आता पाहा."

त्याने मामाच्या कुंपणाचे दोन लांब बांबू काढले. (मामा "अरे, अरे" म्हणाला, पण माझ्या अवस्थेकडे पाहून त्याने स्वतःच दोर आणून दिला.) एक ट्यूब बाजेखाली मधोमध ठेवली, बांबू बाजेला आडवे बांधून एका बाजूला लांब बाहेर काढले आणि दुसरी ट्यूब त्यांच्या टोकाला बांधली. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मग ती पाण्यात ढकलून तो तिच्यावर चढला, आणि माझा जीव गोळा व्हायच्या आत उभा राहिला.

बाज हलली. बाहेरची ट्यूब पाण्यात थोडी दबली, पुन्हा वर आली. तो एका पायावर उभा राहिला. मग ट्यूबच्या उलट्या अंगाला मुद्दाम कलला, तर बाहेरच्या ट्यूबने आपल्या वजनाने बाज परत खाली ओढली. तो नाचला! पौर्णिमा "बस कर रे, बस कर" म्हणत होती आणि हसत होती.

"हे तर थे लंगडी!" मी म्हणालो.

"हो ना, बाबा. थेच स्वप्निल सांगत होता तुमाले."

तानबामामा कमरेवर हात ठेवून काठाशी आला. बैलाचा भोवरा पाहावा तसं त्याने त्या बाजूच्या ट्यूबकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हन्तं, प्रेमदास? दावं सोडू काय?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बैलसुद्धा. माझी भीती गेली नव्हती, तुम्हाला खोटं कशाला सांगू? ती आजही गेलेली नाही. पण मघाशी पाण्यात ‘मान सोडा, खांदा धरा’ म्हणणारा आवाज माझ्या कानात होता, आणि ज्याला तो आवाज आहे त्याला मी बादली-मग्ग्यावर किती दिवस ठेवणार? तरी सवय वाईट. मी तोंड उघडलं ते म्हणण्यासाठीच, की दांड्यांचे दोर कुजले तर?

पौर्णिमाने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"त्रुटी नाई," मी म्हणालो. "लंगडी घे."

अश्वजित बाजेवरून सरळ पाण्यात पडला. उडी नव्हती ती. पोरगा खरोखरच तोल जाऊन पडला, आणि आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत शेवटी हसलो, तो वर आलेला दिसल्यावर.

नारळी पौर्णिमेला तिकडे पुन्हा होड्या समुद्रात उतरल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. (रजेच्या अर्जात माझ्याच सहकाऱ्याने त्रुटी काढली. तयार माझ्याच हाताखाली झालेला आहे.) सकाळी अश्वजितचा व्हिडिओ कॉल आला. फोन भिंतीला टेकवून आम्ही दोघं समोर बसलो. होडीला निळा रंग दिला होता आणि पुढच्या टोकावर पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलं होतं : पौर्णिमा.

बायकोने पदर तोंडाशी धरला. तिला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही. ती बहुतेक वेळा रडवणाऱ्या बाजूला असते.

"अन् तुह्या बाबाचं नाव?" तिने डोळे पुसत विचारलं.

अश्वजितने फोन बाजूला वळवला. होडीबाहेरच्या त्या ओंडक्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहिलं होतं : प्रेमदास.

"होडीवर नाई? ओंडक्यावर?" मी म्हणालो.

"इकडं उलांडी म्हन्तात त्याले, बाबा. थे वल्हं मारत नाई, मासे धरत नाई. नुसती बाजूनं पडून राह्यते. पन होडी कलाले लागली का आडवी येते. होडी तिच्याशिवाय काठ सोडत नाई."

माझा चष्मा धुकटला. पुसायला काढला तर डोळेही पुसावे लागले. मला काहीतरी बापासारखं, भारदस्त बोलायचं होतं. तेवढ्यात पौर्णिमाने संसारी बाईला सुचावं तसं विचारलं, "पन रातंदिन पान्यात राहून लाकूड सडत नाई काय थे?"

"सडतं ना, काकू," मागून स्वप्निल ओरडला. "पांगाऱ्याचं आहे. दोन-तीन पावसाळे चांगलं चालतं. मग पाणी पिऊन फुगतं, जड होतं, होडीला नुसतं ओझं होतं. मग ते सोडून टाकायचं आणि नवं बांधायचं."

पौर्णिमाने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटाशी तिची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"बदलता येते?" ती म्हणाली. "मंग मले हे आतापावतर कोनी काऊन नाई सांगतलं?"